बिनतारी गजर आणि गुरख्याची शिट्टी



विद्यार्थ्यांनी केलेल्या बिनतारी चोरघंटेविषयी बोलतो, असे मी कळवले तेव्हा व्याख्यानमालेच्या चालकांपैकी एका स्नेह्यांनी शंका काढली, ‘एवढ्याशा घंटेवर तासभर बोलणार तरी काय?’ शंका रास्त होती. घंटा वाजवण्याचा भाग खरोखरच दहा मिनिटांचा आहे. उरलेला सगळा वेळ, घंटा वाजत नाही तेव्हा काय समजायचे, ह्या प्रश्नाला द्यावा लागतो. गेली दोन वर्षे माझे चार विद्यार्थी ह्याच प्रश्नाशी झटत आहेत. त्यांच्याबरोबर मीही थोडा झटलो. त्या झटापटीची हकीकत आज आपल्यापुढे ठेवतो.

आपल्यापैकी ज्यांनी पेठेतल्या किंवा कॉलनीतल्या जुन्या रात्री अनुभवल्या आहेत त्यांना गुरख्याची शिट्टी आठवत असेल. मध्यरात्री विजेच्या खांबावर दंडुक्याचा ठण्णकन ठोका पडे, मागोमाग शिट्टी ऐकू येई, आणि अर्धवट जागा झालेला माणूस कूस बदलून पुन्हा झोपी जाई. त्या शिट्टीने चोर पळतो की सावध होतो, ह्यावर लोक विनोद करीत. पण शिट्टीचे खरे काम चोरासाठी नव्हतेच. पहारेकरी जागा आहे, ही बातमी ती झोपलेल्यांना देत असे. एखाद्या रात्री दोन तास शिट्टी आली नाही, तर घरातली म्हातारी माणसे उठून बसत आणि ‘आज गुरखा कुठे गेला?’ म्हणून विचारत. त्या रात्री कोणी ओरडलेले नसे, काही पडलेले नसे. केवळ एक नेहमीचा आवाज आलेला नसे. हा गुरखा आपण लक्षात ठेवावा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

आता प्रकल्पाची सुरुवात कशी झाली ते सांगतो. आमच्याकडे तिसऱ्या वर्षाला इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रत्येक गटाला एक उपकरण करावे लागते. बिनतारी चोरघंटा हा त्यातला अगदी पाठ झालेला विषय. दर वर्षी कोणीतरी तो घेतोच. कारण सुटे भाग सहज मिळतात, खर्च थोडा, आणि परीक्षकांसमोर दार उघडले की घंटा वाजते, मार्क मिळतात. त्या वर्षी ह्या चौघांनी तोच विषय मागितला तेव्हा मी नाराजीनेच विचारले, ‘कशाची चोरी थांबवणार?’ तिघे गप्प राहिले. चौथा नदीकाठच्या गावचा. तो म्हणाला, ‘सर, आमच्या मोटारीची केबल. दोन वर्षांत दोनदा कापून नेली.’

शहरातल्या श्रोत्यांना ह्यात काय मोठेसे, असे वाटेल. नदीवर किंवा विहिरीवर पाण्याची मोटार असते. काठावरच्या पत्र्याच्या पेटीतल्या स्टार्टरपासून पाण्यातल्या मोटारीपर्यंत तांब्याची जाड केबल जाते. रात्री कोणी येतो, दोन्हीकडून केबल कापतो, वरचे आवरण जाळून टाकतो आणि तांबे भंगाराच्या भावाने विकतो. चोराच्या हाती पडते ते थोडेच. शेतकऱ्याला मात्र नवी केबल आणावी लागते, मोटार वर काढून जोडणी करावी लागते, माणसे लावावी लागतात. तोवर पाण्याची पाळी हुकते. ऐन उन्हाळ्यात उसाची एक पाळी हुकली तर काय होते, हे ज्याच्या रानात ऊस आहे त्याला विचारावे. मुलाच्या वडिलांनी दुसऱ्या चोरीनंतर महिनाभर नदीकाठी रात्री काढल्या होत्या. तेव्हा विषय जुनाच असला तरी कारण खरे आहे हे पाहून मी होकार दिला.

तारेशिवाय घंटा वाजवणे ह्यात नवल राहिलेले नाही. आपल्या देशात बिनतारी लहरींचा पहिला गाजलेला जाहीर प्रयोग झाला तो घंटेचाच. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बसूंनी भिंतीपलीकडे लहरी पाठवून दूरची घंटा वाजवली आणि थोडी बंदुकीची दारू उडवून दाखवली. चोरघंटा तर त्याहूनही जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ऑगस्टस पोप ह्या गृहस्थाने १८५३ मध्ये विजेच्या चोरघंटेचे पेटंट घेतले, आणि पुढे एडविन होम्स ह्याने ते विकत घेऊन बॉस्टनमध्ये त्याचा धंदा उभारला. पोपची युक्ती साधी होती. दार उघडले की दोन तारा एकमेकींना टेकत, प्रवाह सुरू होई, घंटा वाजे.

ह्या युक्तीतला दोष आपल्या ध्यानात आलाच असेल. चोराने आधी तार कापली तर? मग दार उघडा नाहीतर मोडा, घंटा गप्पच. ह्यावरचा उपाय असा की प्रवाह अखंड वाहता ठेवायचा आणि तो थांबला की घंटा वाजवायची. दार उघडले तरी प्रवाह तुटतो, तार कापली तरी तुटतो, बॅटरी संपली तरी तुटतो. रेल्वेने हेच तत्त्व उचलले. विल्यम रॉबिन्सन ह्या अमेरिकन संशोधकाने आधी रुळांवर पहिल्या प्रकारची योजना करून पाहिली, तिच्यातला धोका ओळखला, आणि १८७२ मध्ये अखंड प्रवाहाच्या योजनेचे पेटंट घेतले. रुळांतून मंद प्रवाह सतत वाहतो. गाडी आली की चाकांमधून तो परस्पर वळतो आणि सिग्नल लाल होतो. रूळ तुटला तरी प्रवाह थांबतो आणि सिग्नल लालच होतो. काही बिघडले तर बिघाड स्वतःच बोलला पाहिजे, असा हा विचार आहे. तारेच्या घंटेत तो दीडशे वर्षे मुरलेला आहे. बिनतारी घंटेत मात्र तार काढून टाकताना आपण हा विचारही नकळत काढून टाकतो, आणि बहुतेक विद्यार्थ्यांचे प्रकल्प तिथेच फसतात.

आमच्या चौघांचा पहिला नमुना ह्याच जातीचा होता. बाजारात ४३३ मेगाहर्ट्झचे ट्रान्समीटर-रिसीव्हर बोटभर लांबीचे मिळतात. ह्या लहरींचा एक अरुंद पट्टा, आणि ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढचा आणखी एक, आपल्याकडे कमी शक्तीच्या उपकरणांना नियमांच्या मर्यादेत परवान्यावाचून खुला आहे. ह्यातला स्वस्त रिसीव्हर मोठा गमतीचा प्राणी आहे. संदेश येत नसला तरी तो गप्प बसत नाही; हवेतला खरखराट वाढवून वाढवून बाहेर टाकत राहतो. म्हणून संदेशाला ओळखीचा संकेत जोडावा लागतो. त्यासाठी एक जुनी आयसीची जोडी आहे, एचटी-१२-ई आणि एचटी-१२-डी. पहिली आठ बिटांचा पत्ता आणि चार बिटांची माहिती पाठवते, दुसरी तो पत्ता लागोपाठ तीनदा जुळला तरच दाद देते. आठ बिटांचे पत्ते होतात २५६. पुष्कळ झाले, असे वाटते. परंतु विद्यार्थी आठही पाय जमिनीला जोडून मोकळे होतात. परीक्षेच्या दिवशी दोन गटांनी हेच केले होते. एका टेबलावर दार उघडले आणि समोरच्या टेबलावरची घंटा खणखणली. त्या गटाचा मुलगा आनंदाने ओरडला, ‘वाजतंय की सर!’

वर्गात वाजणारी घंटा नदीकाठी नेली तेव्हा खरा अभ्यास सुरू झाला. आधी प्रश्न आला की केबल कापली हे कळणार कसे. मुलांची पहिली कल्पना होती की स्टार्टरमधली वीज गेली की गजर द्यावा. पण आपल्याकडे अनेक ठिकाणी शेतीला वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. शिवाय चोर केबलला हात लावतो तो वीज नसतानाच. त्यालाही जीव प्यारा असतो. म्हणजे हा गजर रोज नेमाने खोटा वाजला असता, आणि चोरीच्या वेळी त्याला नवे काही सांगता आले नसते.

दुसरी कल्पना हुशारीची होती. केबल आणि मोटारीचे वेटोळे मिळून एक अखंड मार्ग आधीच तयार असतो. त्यातूनच पाच व्होल्टचा बारीक प्रवाह सोडावा आणि तो तुटला की ओरडावे. ही कल्पना मी मोडून काढली. ज्या तारेत कोणत्याही क्षणी चारशे पंधरा व्होल्ट येऊ शकतात, तिला विद्यार्थ्याने घरगुती पेटी जोडायची नसते. पेटी जळाली तर जळू द्या, पण ओल्या जमिनीवर तिला हात लावणारा माणूस जळू नये. मुले थोडी हिरमुसली, पण ह्या बाबतीत मला वादही नको होता.

शेवटी ठरले ते सरळ काम. केबलला समांतर एक बारीक दोन पदरी तार चिकटवून न्यायची, वेगळ्या आवरणाची, मोटारीच्या विजेशी कसलाही संबंध नसलेली. केबल ओढली किंवा कापली की ही तार तुटतेच. तारेच्या दूरच्या टोकाला दहा हजार ओहमचा एक रेझिस्टर जोडायचा आणि पेटीत तेवढाच दुसरा. ह्या दोहोंमधून साडेतीन व्होल्टांहून थोडा कमी दाब विभागला की मधल्या बिंदूवर बरोबर निम्मा मिळतो. तार तुटली तर तो पूर्ण चढतो. एखाद्या जाणत्याने तारेचे दोन पदर एकमेकांना पिळून पेटीला फसवू पाहिले तर तो शून्यावर येतो. निम्मा म्हणजे क्षेम, बाकी दोन्ही म्हणजे गडबड. एवढासा रेझिस्टर, किंमत काही पैसे, पण तो कोठे बसवला ह्यावर सगळे अवलंबून असते. आमच्या एका मुलाने काम नीटनेटके दिसावे म्हणून तो पेटीतच बसवला होता. तेव्हा दोन पदर कोणी बाहेर पिळले तर काय दिसेल, हे त्याला कागदावर मांडायला लावले. अर्ध्या तासाने तो न बोलता डाग देण्याचे यंत्र घेऊन नदीवर गेला.

मग मोटार सुरू केली आणि गजर वाजला. थांबवली, पुन्हा सुरू केली, पुन्हा वाजला. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच ते सातपट प्रवाह ओढते. त्या धक्क्याने शेजारच्या बारीक तारेत क्षणभर दाब उमटत होता आणि पेटीला वाटत होते की तार तुटली. दोन पदर एकमेकांभोवती पिळून घेतल्यावर पुष्कळसा उपद्रव गेला. उरलेल्यासाठी असा नियम केला की गडबड सलग दोन सेकंद दिसली तरच ती खरी मानायची. कापलेली तार दोन सेकंदांनी पुन्हा जुळत नाही. मुंग्यांनी स्टार्टरच्या पेटीत केलेले वारूळ आणि पालीने घातलेली अंडी ह्यांचा मी येथे केवळ उल्लेख करतो. पुस्तकांत त्यांना जागा नसते, पण नदीकाठी तीच पहिली भाडेकरू.

आता बिनतारी भागाकडे येऊ. नदीकाठच्या पेटीपासून मुलाचे घर सरळ रेषेत सहाशे मीटर. तार तुटली की पेटीने ‘चोर’ असा संदेश पाठवायचा आणि घरातल्या खोक्याने ओरडायचे. संदेश नाही म्हणजे चोर नाही. मी मुलांना विचारले, ‘पेटीची बॅटरी संपली तर कोणता संदेश येईल?’ कोणताच नाही. चोराने पेटीवरच कुऱ्हाड घातली तर? कोणताच नाही. अँटेना गंजून तुटली, पाणी शिरले, कोणी त्याच लहरींवर मुद्दाम गोंगाट केला तर? कोणताच नाही. म्हणजे रात्रभर घरातला खोका गप्प आहे ह्याचे सहा अर्थ झाले आणि त्यांतला एकच सुखाचा. पोपने १८५३ मध्ये जी चूक केली होती तीच आपण नव्या सामानाने पुन्हा केली, हे मुलांच्या ध्यानात आले.

येथे आपला गुरखा परत येतो. पेटीने ठराविक वेळाने ‘मी आहे, तार निम्म्यावर आहे, बॅटरी इतकी आहे’ असे सांगत राहावे आणि ही हाक आली नाही की घरच्या खोक्याने ओरडावे. तारेतल्या अखंड प्रवाहाची जागा अशा तुटक हाका घेतात. कल्पना मान्य झाली, पण तिची किंमत ताबडतोब पुढे आली.

पहिली किंमत विजेची. मुलांनी वर्गातला अर्डुइनोचा बोर्ड तसाच पेटीत ठेवला होता. तो काही न करता बसला तरी जवळजवळ पन्नास मिलिअँपिअर खातो. दोन हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी त्याला चाळीस तास पुरणार. तशी ती पुरलीही. तिसऱ्या दिवशी सकाळी पेटी मेलेली. पहारेकऱ्याने रात्रभर डोळे ताणून उभे राहण्याची जरुरी नसते. फेरी संपली की त्याने बसावे. म्हणून बोर्ड बदलला आणि दोन हाकांच्या मध्ये यंत्राला गाढ झोपवले. तशा झोपेत सगळे मिळून पन्नास मायक्रोअँपिअर लागतात, म्हणजे हजारावा हिस्सा. हाक मारताना शंभर मिलिअँपिअर लागतात, पण केवळ दशांश सेकंद. मिनिटाला एक हाक धरली तर दिवसाच्या १४४० हाकांना चार मिलिअँपिअर-तास, झोपेला सव्वा; एकूण सव्वापाच. तीच बॅटरी कागदावर वर्षाहून थोडी जास्त चालते. चाळीस तासांचे वर्ष झाले ते मोठी बॅटरी आणून नव्हे. हा गुणाकार-भागाकार पाचवीतला मुलगा करील, पण इंजिनिअर होऊ घातलेल्या मुलांना तो करायला लावावा लागतो, हे मी थोड्या खेदाने नमूद करतो.

दुसरी किंमत खोट्या गजराची, आणि हिचा हिशेब जास्त मनोरंजक आहे. हवेतला प्रत्येक संदेश पोचतोच असे नाही. समजा वीस हाकांतली एक वाटेत हरवते. एक हाक चुकली की ओरडायचे ठरवले, तर मिनिटाला एक ह्या हिशेबाने दिवसाला बहात्तर खोटे गजर होतील. दुसऱ्याच रात्री घरचे लोक खोका विहिरीत टाकतील. लागोपाठ तीन चुकल्यावर ओरडायचे ठरवले तर हा योग आठ हजारांत एकदा येतो, म्हणजे साडेपाच दिवसांतून एकदा. अजूनही फार झाले. लागोपाठ पाच चुकण्याचा योग बत्तीस लाखांत एक. तो सहा वर्षांतून एकदा यावा. मात्र पाच हाका चुकण्याची वाट पाहणे म्हणजे पाच मिनिटे उशीर. सुरुवातीला मुलांनी बॅटरी वाचवण्यासाठी पाच मिनिटांनी एक हाक ठेवली होती. त्या हिशेबात पंचवीस मिनिटे गेली असती, आणि तेवढ्यात केबल कापून, जाळून, तांब्याची गुंडाळी पाठीवर टाकून चोर पुलापलीकडे गेला असता. बॅटरी, खोटे गजर आणि उशीर ह्या तिघांत एकाला खूश करावे तर दुसरा रुसतो. तार तुटल्याची बातमी पेटी लगेच देते, तिला हा उशीर लागू नाही. पाच मिनिटे लागतात ती पेटीच नाहीशी झाली तर. तेवढा धोका आम्ही पत्करला.

आता माझ्या हिशेबातली लबाडी मी आपणच सांगतो. प्रत्येक हाक स्वतंत्रपणे हरवते असे मी धरले. वास्तविक हाका कळपाने हरवतात. पाऊस कोसळू लागला किंवा अँटेनेसमोर उसाची ट्रॉली उभी राहिली की पाचच काय, पन्नास हाका ओळीने जातात. सहा वर्षे म्हणजे कागदावरची सहा वर्षे.

आणि उसाने आम्हांला खरोखरच फसवले. पल्ल्याची चाचणी आम्ही मार्चमध्ये केली. तोड होऊन गेली होती, रान मोकळे, नदीपासून घर स्वच्छ दिसत होते. ४३३ मेगाहर्ट्झचे स्वस्त साहित्य शे-दीडशे मीटरांतच दमले म्हणून मुलांनी लोरा जातीचे आणले. त्यात स्वर एका पातळीवर न ठेवता सारखा चढवत नेतात. जत्रेच्या गोंगाटात नुसती हाक कळत नाही, पण कोणी लांबलचक चढता हेल काढला तर तो कानाला सापडतो, तसेच हे. बदल्यात संदेशाला वेळ जास्त लागतो. सहाशे मीटर त्याने सहज गाठले, मुलांनी फोटो काढले, वहीत ‘यशस्वी’ असे लिहिले. दसऱ्यानंतर त्याच ठिकाणाहून तीनांतली एक हाक पोचेना. मधल्या रानात पुरुषभराच्या वर ऊस उभा होता. हिरवे पान म्हणजे बहुतांशी पाणी, आणि पाणी ह्या लहरी शोषून घेते. शिवाय एका मुलाने अँटेना सुरक्षित राहावी म्हणून लोखंडी पेटीच्या आत वळवून ठेवली होती. लोखंडी पेटीतून लहर बाहेर येत नाही, ती फटीतून मिळेल तेवढी निसटते. अँटेना पेटीबाहेर काढली. तिची लांबी ह्या लहरींसाठी साडेआठ-पावणेनऊ सेंटिमीटर असावी लागते, म्हणजे लहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढी. ती बांबूवर उसाच्या शेंड्यांवर नेली, घराकडची गच्चीवर चढवली, आणि हाका पूर्ववत झाल्या. ट्रान्समीटरची शक्ती आम्ही वाढवली नाही. शक्ती वाढवून जे मिळाले नसते ते बांबूने दिले.

एक श्रोते मघापासून मोबाइल दाखवत आहेत. त्यांचा प्रश्न मला कळला. पेटीत सिम कार्ड घालून सरळ फोनच का करू नये? करता येतो. पुष्कळ विद्यार्थी करतातही. पण जुन्या धर्तीच्या मोबाइल संचाला संदेश पाठवताना क्षणभर दोन अँपिअरपर्यंत प्रवाह लागतो, प्रत्येक मोटारीमागे रिचार्ज लागतो, आणि नदीच्या खोलगटात नेटवर्क लपंडाव खेळते. रिचार्ज संपले तर पेटी कोणालाच काही सांगत नाही, म्हणजे पुन्हा ती शांतता. घरच्या खोक्याला सिम जोडले तर मात्र सोयीचे आहे.

गुप्त संकेतांविषयी थोडक्यात बोलतो, कारण मुलांचा ह्यात जीव रमला आणि माझा तितका रमला नाही. गुरख्याची शिट्टी कोणी ध्वनिमुद्रित करून रात्रभर वाजवत ठेवली तर झोपलेल्यांना फरक कळणार नाही. तसेच ‘क्षेम आहे’ हा आमचा संदेश कोणी टिपून पुन्हा पुन्हा सोडला तर खोका फसेल. म्हणून प्रत्येक हाकेला वाढता क्रमांक दिला आणि त्या क्रमांकावरून गुप्त किल्लीने काढलेली एक खूण जोडली. जुना क्रमांक आला की खोका तो नाकारतो. पेढीच्या तिजोरीसाठी हे अगत्याचे आहे. केबल कापणारा एवढा खटाटोप करील असे मला वाटत नाही. पण क्रमांकाचा एक वेगळाच लाभ झाला. मधले कोणते क्रमांक गळाले ते पाहून दिवसात किती हाका हरवल्या हे नेमके मोजता आले, आणि उसाचा अपराध सिद्ध झाला तो ह्या नोंदीवरून.

राहिला घरातला खोका. त्यावर मिनिटाला एकदा लुकलुकणारा हिरवा दिवा आहे. पहिल्या महिन्यात दोनदा खोटा गजर झाला, आणि ‘लांडगा आला रे आला’ ह्या गोष्टीतल्या गावकऱ्यांसारखे शेजारी तिसऱ्या वेळेस उठले नसते. मुलाच्या वडिलांनी तर खोक्याची पिन काढून ठेवली होती. त्यामुळे आता तीन वेगळे आवाज केले आहेत. तार तुटली तर कर्कश भोंगा, हाका थांबल्या तर थांबून थांबून टुक टुक, आणि बॅटरी उतरली तर काहीच आवाज नाही, फक्त दिवसा तांबडा दिवा. बॅटरीसाठी मध्यरात्री माणसाला उठवू नये. भोंगा वाजला तर एकट्याने नदीवर जायचे नाही, आधी शेजारच्या चार घरांना हाक मारायची आणि पोलिसांना फोन करायचा, हेही खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवले आहे. चोराच्या हातात कुऱ्हाड असते.

खोका ठेवला आहे त्या मुलाच्या आजीच्या खाटेजवळ. तिला रात्री झोप कमी लागते. गेल्या माघात एका पहाटे खोका टुक टुक करू लागण्याआधीच तिने नातवाला हाक मारली, ‘आरं, त्यो दिवा मिचकावायचा थांबला बघ.’ जाऊन पाहिले तर बांबू वाऱ्याने आडवा झाला होता.

आपल्यापैकी कित्येकांनी दुकानाच्या शटरला किंवा मे महिन्यात बंद ठेवायच्या घराला तयार बिनतारी गजर बसवला असेल. त्याची एक परीक्षा घरी करून पाहावी. दारावरच्या डबीतली बॅटरी काढा आणि मुख्य खोक्यासमोर घड्याळ घेऊन बसा. तो किती वेळाने तक्रार करतो ते पाहा. काही चांगले संच काही तासांत कळवतात. काही संच कधीच कळवत नाहीत, आणि त्यांच्या वेष्टनावर हे लिहिलेले नसते. दुकानदाराला हा प्रश्न विचारला तर तो बहुधा भोंग्याचा आवाज किती मोठा आहे ते सांगू लागेल.

आमच्या पेटीचे काम अजून चालू आहे. आषाढात नदी चढेल तेव्हा मोटारी वर घ्याव्या लागतील, आणि पेटीही काढून आणावी लागेल. तारेचे जोड ह्या वेळी मेण ओतून बंद करायचे ठरले आहे. ऊस पुन्हा डोक्यावर गेला की, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास, पल्ल्याची मोजणी नव्याने सुरू होईल. ह्या वर्षी शेजारच्या तिघा शेतकऱ्यांनीही आपापल्या मोटारींसाठी पेट्या मागितल्या आहेत, आणि चार पेट्यांच्या हाका एकाच मिनिटाला एकमेकींवर आदळू नयेत म्हणून काय करावे, ह्याचा विचार मुले सध्या करीत आहेत.